गावात बसून ब्लॉग आणि ऑनलाइन काम: आधी काय जमवायचं, पैसे कुठून येतात, कुठे अडकतात

मे महिना संपत आला की मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली दोन-तीन मुलं हमखास आमच्या पडवीत येऊन बसतात. कोकम सरबत होतं, यंदाच्या आंब्याच्या भावावर बोलणं होतं आणि मग हळूच प्रश्न येतो, "दादा, ब्लॉगमधून महिन्याला किती सुटतात?" वाडीतले आबा एवढे आढेवेढे घेत नाहीत. ते सरळ विचारतात, "तां सगळा खरा, पण ह्येच्यात पैशे गावतत काय?"

गावतत. पण ब्लॉगवरच्या जाहिरातींतून माझं नेटचं आणि लाइटचं बिल सुटतं, एवढंच. घर चालतं ते ब्लॉग वाचून काम घेऊन येणाऱ्या लोकांवर. होमस्टेवाले, आंबा बागायतदार, एखादी पुण्याची प्रवास कंपनी. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली. खालचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय. जाहिरातींवर जगायच्या बेतानं कोणी देवगडला परत येणार असेल तर मी त्याला आधी नोकरी सोडू नकोस म्हणून सांगतो.

आधी वीज आणि नेट, मग शब्द

लोक पहिल्यांदा ब्लॉगचं नाव शोधतात. मी म्हणतो, पहिल्यांदा राउटरचा अडॅप्टर उलटा करून बघा. त्यावर बहुतेक वेळा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढ्याच व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो मध्ये जोडला की लाइट गेल्यावरही काही तास नेट चालू राहतं. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे, फ्रीज, पंप असा सगळा संसार चढवून ठेवला असेल तर लॅपटॉपसाठी त्यातून एक वेगळा पॉइंट काढून घ्या.

फायबर वाडीपर्यंत आलं असलं तरी ती वायर विजेच्या खांबांवरून आणि फणसाच्या फांद्यांमधून आलेली असते. झाड पडलं की दोन्ही एकदम जातं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा कितीतरी दिवस आम्ही अंधारात होतो आणि माझं एक काम कायमचं गेलं. त्यानंतर मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवतो. कोणती घ्यायची ते दुकानदाराला विचारू नका. लाइट गेल्यावर दोन तासांनी अंगणात उभं राहून बघा, कोणाची रेंज टिकलीय. ज्या टॉवरची बॅटरी दमदार, ते सिम आपलं.

मृगाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा प्लग काढून ठेवायचे. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीलाच असतो. कॅमेरा असेल तर त्याची भिंग दमट हवेत बुरशी धरतात, माझं एक असंच गेलं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवायचे, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा.

ग्राहकालाही हे आधीच सांगायचं. जून ते सप्टेंबर मी ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच काम पाठवतो. "लाइट नव्हती" हे कारण एकदा ऐकून घेतात. दुसऱ्यांदा पुण्यातलाच माणूस शोधतात.

विषय: फोनवर विचारतात तोच

"कोकण पर्यटन" हा विषय घेऊ नका, तो मोठ्या कंपन्यांनी केव्हाच खाल्लाय. एक वही घ्या आणि पाहुणे, नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक आपल्याला फोनवर काय विचारतात ते महिनाभर लिहून ठेवा. माझ्या वहीत हे होतं: कणकवलीला गाडीतून उतरल्यावर देवगडची एसटी किती वाजता, महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत गाडी कुठे लावायची, आंब्याची पेटी आली की गवत काढायचं की ठेवायचं, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाते का. (नाही जात.) एकेका प्रश्नाचा एकेक लेख. माझे सर्वांत जास्त वाचले गेलेले लेख यातलेच आहेत. समुद्रावरच्या सूर्यास्तावर लिहिलेला ललित लेख बायकोनं आणि मी वाचला.

वेळही सांभाळावी लागते. पेटी यायला लागल्यावर आंब्याचा लेख टाकला तर शोधयंत्रात तो वर येईपर्यंत बाजारात पायरीही संपते. आंब्याचं मी डिसेंबरातच लिहून टाकतो, पावसाळी भटकंतीचं एप्रिलमध्ये.

आणि एकमेकांचं बघून लिहू नका. विजयदुर्गावर "साहेबाचे ओटे" आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नातं सांगतात, आणि हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं इथेच उभं राहून लावला असं प्रत्येक लेखात असतं. मीही तसंच उतरवून घेतलं होतं. एका वाचकानं नम्रपणे विचारलं, लॉकियर भारतात आला होता का? शोधलं तर त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडातच. लॉकियरनं सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवाय पाहिला तो तिकडेच, ऑक्टोबर १८६८ मध्ये. त्यातली पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची असावी हा तर्क त्यानंतरचा. मी लेख दुरुस्त केला. गावातले दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण पुण्याच्या एका संपादकाचं पहिलं काम मला त्या दुरुस्तीमुळे मिळालं. "तुम्ही चूक कबूल करून वर तारीख टाकलीत," असं ते म्हणाले.

तारीख टाकायची ही सवय लावून घ्याच. प्रत्येक माहितीपर लेखाच्या डोक्यावर "शेवटची तपासणी: अमुक महिना" असं लिहा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. गणपतीच्या गाड्यांवरचा माझा जुना लेख १२० च म्हणत राहिला होता आणि बोरिवलीच्या एका काकींनी मला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं.

नाव आणि जागा आपल्या ताब्यात

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वर्षाच्या भाड्यावर मिळतं. डॉट इन किंवा डॉट कॉम, कोणतंही घ्या. पण ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या खात्यात नोंदवा. माझं पहिलं नाव साइट करून देणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं त्याच्याच खात्यातून घेतलं होतं. तो दुबईला गेला, फोन नंबर बदलला, वर्ष संपलं आणि नाव सुटलं. दोन वर्षांच्या लेखांचे सगळे दुवे एका सकाळी मेले. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्यावरही विसंबू नका, कारण कार्डाची मुदत कधी संपली हे आपल्या लक्षात नसतं. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. मुदत उलटल्यावर थोडे दिवस सवड मिळते, पण पुढे तेच नाव सोडवायला भरमसाट दंड पडतो.

लेख चढवायला ब्लॉगर ही सेवा घ्यायची की वर्डप्रेस? पहिलं वर्ष ब्लॉगर. तो फुकट आहे, त्याला आपलं नाव जोडता येतं आणि सर्व्हरची डोकेदुखी नाही. लिहिण्याची सवय टिकली आणि कामं यायला लागली की वर्डप्रेसवर जायचं. पहिल्याच दिवशी महागडं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन तिसऱ्या लेखाला थांबलेली मंडळी मी बरीच पाहिलीत.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही बारीक पण त्रासदायक गोष्टी. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून लेखाचा पत्ताही देवनागरीतच बनवतो. तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि लोकांना वाटतं, व्हायरस आहे. शिवाय त्या तुकड्याला २०० अक्षरांची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, त्यात नऊ अक्षरांची जागा खातं. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खलास. पत्ता हातानं बदलून इंग्रजी लिपीत तीन-चार शब्दांचा करा, आणि हे लेख प्रसिद्ध करण्याआधीच करा. नंतर बदललात तर जुने दुवे तुटतात.

टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. कोणी जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर दिला तर आधी रूपांतर करून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. सर्वांत जास्त गफलत रफारात होते. "दर्या" आणि "दऱ्या" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोकणात दोन्ही आहेत. होमस्टेच्या माहितीपत्रकात "समोर अथांग दऱ्या" छापून आलेलं मी स्वतः पाहिलंय.

फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर घाटात उभा राहून साइट उघडणारा माणूस वैतागून निघून जातो. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास, वजन दीडशे-दोनशे केबी, तेवढं पुरे. आणि गूगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या, ते फुकट आहे. महिन्यातून एकदाच उघडायचं. कोणते शब्द शोधून लोकांना आपला लेख दिसला, पण त्यांनी तो उघडला नाही, ती यादी बघायची आणि त्या लेखांची शीर्षकं सुधारायची. आपली माणसं मराठी शब्दही इंग्रजी लिपीत टाइप करून शोधतात हे तिथेच दिसतं. म्हणून गावाचं नाव लेखात एकदा तरी इंग्रजी स्पेलिंगमध्ये येऊ द्या. रोज वाचकसंख्या बघत बसणं मात्र आंबा पिकला का म्हणून तासातासाला पेटी उघडण्यासारखं आहे.

जाहिरातीचे पैसे आणि पोस्टमन

ॲडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा, मराठी साइट घेतो. कमाई १० डॉलरला पोहोचली की ते एक पिन साध्या टपालानं घरच्या पत्त्यावर पाठवतात. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती बंद होतात. माझी पहिली दोन पाकिटं आलीच नाहीत. पत्ता मी मुंबईच्या पद्धतीनं लिहिला होता, घर क्रमांक आणि रस्ता वगैरे. आमच्याकडे रस्त्याला नाव कुठलं? तिसऱ्यांदा वडिलांचं नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका असं लिहिलं आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवलं. पाकीट आलं.

प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर जमल्यावरच निघतात. ते परदेशातून येतात म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो आणि गावातल्या शाखेला तो बहुधा नसतो. शाखेत विचारून, परकीय चलन हाताळणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड घ्या. प्रत्येक वेळी पैसे आल्याचं पत्र बँकेकडून मागून ठेवा, कराच्या वेळी तेच दाखवायचं असतं.

खरं काम: दर, आगाऊ, उधारी

ब्लॉगवर "माझ्याकडून काय करून मिळेल" असं एक पान हवंच. माझ्या पानावर तीन कामं आहेत: होमस्टेच्या साइटचा मराठी-इंग्रजी मजकूर, गूगल नकाशावरची नोंद नीट करून देणं, आणि आंबा हंगामासाठी व्हॉट्सॲप कॅटलॉग. दर तासाचा सांगू नका, कामाचा सांगा. किती पानं, किती फोटो, किती वेळा दुरुस्ती, हे एका कागदावर लिहा. दुरुस्ती दोनदा. हे लिहिलं नव्हतं तेव्हा एका मालकानं माझ्याकडून "घरगुती जेवण" हा परिच्छेद सात वेळा बदलून घेतला आणि शेवटी पहिलाच ठेवला.

निम्मे पैसे आधी. गावात हे मागायला जीभ रेटत नाही, हे मलाही माहीत आहे. वाडीतल्या वैनी "अरे, तू घरचाच ना!" म्हणतात आणि विषय तिथे संपतो. मी यावर एक तोडगा काढला. घरच्यांचं काम वर्षाला दोन, अगदी फुकट, हसत. तिसऱ्यापासून सगळ्यांना तोच कागद. फुकट आणि पूर्ण दर यांच्या मधलं काही ठेवलं नाही, म्हणून अजून सगळ्यांकडे जेवायला जाऊ शकतो.

बाहेरच्या कंपन्यांची उधारी हा वेगळाच आजार. मोठ्या शहरातल्या एका कंपनीनं माझं बिल आठ महिने अडकवलं होतं. "अकाउंट्सला दिलंय" एवढंच उत्तर. तेव्हा कुणीतरी उद्यम नोंदणीचं सांगितलं. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या समजा. सूक्ष्म-लघु उद्योग कायदा २००६ चा आहे. त्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करारात कितीही मुदत लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार करायची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून पैशांसाठी करावे लागणारे माझे फोन निम्म्यावर आले. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी, पैसे अडकल्यावर केलेली नव्हे.

हक्कांचंही लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लिहिणारा असतो, तो हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. आणि लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. फोटोचं मात्र उलटं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक पैसे देणारा, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून होमस्टेचे फोटो काढताना "हे मला ब्लॉगवर वापरता येतील" ही एक ओळ मी कागदात घालतो.

फुकट राहायला बोलावून लेख मागणारेही येतात. जायला हरकत नाही, पण तसं लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहायचं. २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. आंब्याच्या बाबतीत आणखी जपावं लागतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. दुसरीकडचा आंबा "देवगड हापूस" म्हणून लिहून द्या, असं सांगणारा ग्राहक मी दोनदा परत पाठवलाय. पैसे बरे होते. पण उद्या माझ्याच वाडीतले बागायतदार दारात उभे राहिले तर त्यांना काय सांगू?

कर, थोडक्यात

कामासाठी वेगळं बँक खातं उघडा, घरखर्चाची भेळ करू नका. सेवांवरची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आपल्यातल्या बहुतेकांना तिथवर जायला वेळ आहे. कंपन्या टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापून पैसे देतात, विवरणपत्र भरलं की जास्तीचा परत येतो. वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कराच्या तारखा पाळाव्या लागतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरावीक वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकून विसरून जायचा. बाकी तालुक्याच्या सीएला वर्षातून एकदा गाठा. त्याची फी वाचवायला जाऊ नका.

बॅकअप, जुलैत

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि लोक जाळी विणत, डागडुजी करत बसतात. मीही त्याच दिवसांत साइटची जाळी विणतो. पर्यटक नसतात, होमस्टे रिकामे असतात, फोन शांत असतात. जुने लेख उघडून तारखा, भाडी, वेळापत्रकं तपासतो. तुटलेले दुवे जोडतो. येत्या हंगामासाठी दरपत्रक नव्यानं करतो.

आणि बॅकअप. होस्टिंगवाला ठेवतो तो त्याचा, आपला नव्हे. सगळ्या लेखांची एक प्रत क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्कवर. ती डिस्क घरात नाही, कणकवलीला बहिणीकडे. आमच्या घराची कौलं कधी उडतील सांगता येत नाही. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर खरोखर उघडून बघतो. पहिल्या वर्षी उघडली, तेव्हा मजकूर होता आणि फोटोंचा फोल्डर रिकामा होता. प्लगइनमध्ये एक खूण करायची राहिली होती.

हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आत उरकायचं. त्यानंतर चाकरमानी यायला लागतात, घर भरतं आणि गौरी-गणपती होईपर्यंत लॅपटॉप माळ्यावरच असतो.